जोडाचा डोळा

त्या दिवसांत संपत, म्हणजे माझा नवरा, माझ्याशी बोलत नव्हता. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे त्याची फार पंचाईत व्हायची. आमटीत मीठ कमी असलं तर तो वाटीला सांगायचा. गॅस संपत आला तर शेगडीला. एकदा त्यानं दाराला विचारलं, "किल्ली कुठं ठेवली कुणी?" मी आतून म्हणाले, "दार नाही हो बोलत, मी बोलते." तर तो दारावरच डाफरला.

मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. इतक्या वर्षांच्या संसारात आमचं भांडण कधी दुसऱ्या दिवशीच्या चहापलीकडे टिकलं नव्हतं. हा अबोला मात्र लांबतच चालला होता, आणि तोही एका ओल्या पोत्यावरून.

ते पोतं कळायचं तर आधी आमचं काम कळायला हवं. धारखिंडीचा घाट चढताना मालगाडीला पुढचं इंजिन पुरत नाही. मागून दुसरं इंजिन लावून ढकलावं लागतं. त्याला आम्ही बँकर म्हणतो, आणि मी, हेमांगी गांगुर्डे, बँकर चालवते. वर धारखिंडीला पोचलं की गाडीपासून सुटायचं, नुसतं इंजिन घेऊन घाट उतरायचा आणि खाली निंबोळ्याला पुढची गाडी ढकलायला उभं राहायचं. संपत वरच्या यार्डात शंटिंग जमादार. डबे जोडणाऱ्या-तोडणाऱ्या गँगचा म्होरक्या.

माझे आबाही त्याच यार्डात होते. त्यांच्या काळी माणूस दोन डब्यांच्या मधे शिरायचा, साखळी अडकवायचा, हवेचे पाइप जोडायचा आणि बाहेर यायचा. तेवढ्यात इंजिन जरा हललं तरी खेळ खलास. म्हणून गँगची एक रीत होती. मधे शिरताना माणूस ओरडायचा, "आत!" बाहेर आला की ओरडायचा, "मोकळा!" ज्या गळ्यातून 'आत' आलं त्याच गळ्यातून 'मोकळा' येईपर्यंत ड्रायव्हर दांड्याला हात लावत नसे. मग साहेब शिट्ट्या मारो की गाडीला उशीर होवो. या आरोळीत थट्टेतही कुणी खोटं बोलत नसे. एकदा एका नवख्यानं मदत म्हणून आबांच्या वतीनं 'मोकळा' ओरडून टाकलं, आणि आबांचा डावा हात कोपरापासून गेला. उरलेल्या हातानं त्यांनी मला सायकल शिकवली आणि ही रीतही.

मग सजग जोड आला. डब्यांच्या टोकांना लोखंडी जबडे. दोन माणसं बोटांत बोटं अडकवून ओढाताण करतात तसे ते एकमेकांत अडकतात आणि आतून खिळा पडतो. हवेचे पाइप, विजेच्या तारा, सगळं त्याच धक्क्यात जुळतं. माणसानं मधे जायची गरजच नाही. तरी कुणी चुकून असलाच तर त्यासाठी इंजिनाकडच्या जबड्यावर एक डोळा, म्हणजे तळहाताएवढी काळी काच. तिच्या मागून अगदी बारीक रेडिओलहरी सुटतात आणि समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात. ती वस्तू केसभर पुढेमागे झाली तरी परतलेल्या लहरीत फरक दिसतो. माणूस कितीही दगडासारखा उभा राहिला तरी श्वास घेतो, त्याची छाती हलते. शिवाय अंगाची ऊब असते. डोळ्याला मधे जीव दिसला की जबडा हलत नाही आणि इंजिन स्वतःहून दोन हात अंतर राखतं. ड्रायव्हरला हे मोडता येत नाही. मोडायचं बटण ठेवावं का यावर बैठक झाली, तेव्हा ठेवू नये म्हणून सगळ्यात मोठ्यानं भांडले ती मीच. आबांच्या सदऱ्याची रिकामी बाही मी लहानपणापासून बघत आले होते.

एवढं शहाणं यंत्र, पण धारखिंडीच्या वानरांपुढे त्यानं हात टेकले. वानरांना जबड्याची सावली आवडायची. वानर श्वास घेतं, ऊब देतं, आणि माणसाच्या शिव्यांना भीक घालत नाही. एका वानरापायी तासभर गाडी अडायची. मग गँगनं शक्कल लढवली. गोणपाट भिजवून डोळ्यावर टाकायचं. पाणी त्या लहरी गिळून टाकतं आणि ऊबही झाकतं. डोळ्याला वाटतं, समोर थंडगार भिंत आहे. जबडा मुकाट मिटतो. वानरं आवाजानंच पळतात.

मी हे पाहिलं आणि वर कळवलं. नवऱ्याचं नाव गाळलं नाही. गँगला चारचौघांत बोलणी बसली. घरी आल्यावर संपत म्हणाला, "माझ्या मान्सांना मी सांभाळतो. पन तुझा भरवसा त्या काचेवर. माझ्यावर नाय." त्यानंतर तो वाटीशी बोलायला लागला.

गँगनं पोतं टाकून दिलं असं मी समजले. त्यांनी फक्त मी यार्डातून बाहेर पडायची वाट बघायला सुरुवात केली होती.

त्या दुपारी मी धारखिंडीहून नुसतं इंजिन घेऊन निघाले होते. शेजारी सहचालक तौसिफ मन्सुरी. पहिलं वळण गेलं आणि कंट्रोलच्या मिराशी बाईंचा आवाज आला. एरवी त्या दळण टाकल्यासारख्या संथ बोलतात. आज शब्दाला शब्द चिकटत होता.

"बँकर, धारखिंडीतून सहा डबे सुटलेत. चुनखडीनं भरलेले. तुमच्याच मागं येतायत. वेग घ्या आणि पुढे निघून जा. मी सांधा तुम्हाला सरळ देते. तुम्ही पार झालात की डब्यांना वाळूत घालते."

आमच्या घाटात निम्म्या उतारावर एक सांधा आहे, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतात ती जागा. तो एरवी कायम आडवाटेला लावलेला असतो. ती वाट डोंगराच्या अंगावर चढते आणि वाळूच्या ढिगात संपते. बेफाम गाडी निंबोळ्याच्या स्टेशनात घुसू नये म्हणून केलेली सोय. रिकामा डबा वाळूत रुतून थांबतो. भरलेले डबे एकमेकांवर चढतात.

"सुटले कसे?" मी विचारलं. "हातब्रेक?"

"यार्डाच्या इंजिनाशी जोडले म्हणून सोडले होते. हिरवा दिवा लागला होता. पण ओलं पोतं घसरून जबड्यात गेलं. खिळा कापडावर टेकला, पुरता पडलाच नाही. इंजिनानं ओढलं आणि जोड निसटला. डबे बरेच दिवस उभे होते, ब्रेकमध्ये हवा नाही. सगळ्यात पुढच्या डब्यावर गांगुर्डे आहेत."

ज्या माणसाला यंत्राच्या डोळ्यावर विश्वास नव्हता, त्यानं यंत्राच्या हिरव्या दिव्यावर ठेवला. मला त्याचा असा राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. मग त्या रागाखालची भीती वर आली आणि राग कुठे गेला ते कळलंच नाही.

"मी पुढे जाणार नाही," मी म्हणाले. "डब्यांच्या पुढे राहते. त्यांना इंजिनावर घेते, जोडते आणि ब्रेक लावते."

"जोड नाही लागला तर?"

"तर सांधा आहे तसा ठेवा. आम्ही सगळेच वाळूत जाऊ."

मग माझ्या लक्षात आलं की 'आम्ही' म्हणताना मी तौसिफला विचारलंच नव्हतं. त्याच्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही मागच्या केबिनमध्ये जा, ताई," तो म्हणाला. "पुढचं मी बघतो. माझी बायको मला सोडून पुढं निघून गेली असती तर मला नसतं आवडलं."

या इंजिनाला दोन्ही टोकांना केबिन आहे आणि कुठूनही चालवता येतं. मी मधल्या बोळातून धावत मागच्या केबिनमध्ये गेले, दांडा हातात घेतला आणि खिडकी उघडली. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. उडी मारायला हातभर जागा नव्हती. वळणाआडून डबे आले. आधी त्यांचा आवाज, मग ते. पुढच्या डब्याच्या टोकाला, पायफळीवर उभा राहून संपत हातब्रेकचं चाक आवळत होता. खाली डब्याच्या चाकांतून धूर येत होता. एका डब्याचा ब्रेक सहा डब्यांना कुठला पुरणार?

त्यानं मला पाहिलं. एका हातानं पुढे जायची खूण केली. जा. निघून जा.

मी मान हलवली. काटा चाळिसाच्या पुढे होता. डब्यांपेक्षा माझा वेग किंचित कमी ठेवला आणि त्यांना जवळ येऊ दिलं. दहा हात राहिले, पाच, तीन. दोन हातांवर इंजिनानं आपणहून वेग घेतला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: जोड नाकारला. मधे जीव आहे.

मी पुन्हा प्रयत्न केला. नाकारला. मधे जीव आहे.

जीव आहे, ते मलाही दिसत होतं. हातब्रेकचं चाक नेमकं त्या टोकाला होतं आणि संपत डोळ्याच्या थेट समोर धापा टाकत होता. डब्याच्या टोकाला वर चढायला शिडी नव्हती. मागे सरकायला जागा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या काचेला शिवी दिली. तिचं काही चुकत नव्हतं. ती आबांसाठी लढत होती, आणि मीच तिला तसं करायला लावलं होतं.

"ताई," पुढच्या केबिनमधून तौसिफचा आवाज आला, "मोठा कातळ गेला. सांधा आता दूर नाही."

मी खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकले. "अहो! तो तुम्हाला बघतोय! डोळा! डोळा जोड लागू देत नाहीये!"

वाऱ्यात त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे. पण त्यानं काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखते. माझं म्हणणं खरं निघालं की त्याच्या तोंडावर जे येतं त्याच्या बरोबर उलट; या वेळी त्याची पोत्याची शक्कलच कामी येणार होती. त्यानं गळ्यातला टॉवेल काढला आणि पिळल्याची खूण केली. पाणी.

मी माझी पाण्याची बाटली उचलली. ज्या बाईनं पोत्याची तक्रार केली, तीच बाई चालत्या इंजिनातून पाणी पुरवत होती. बाटली त्याच्या छातीवर आदळली. त्यानं ती कोपरात धरली, दातानं झाकण काढलं आणि टॉवेल भिजवला.

पण नुसता टाकून भागणार नव्हतं. वाऱ्यानं टॉवेल उडाला असता, किंवा घसरून जबड्यात गेला असता. मग यार्डात झालं तेच. हिरवा दिवा आणि खोटा जोड. कुणीतरी टॉवेल शेवटपर्यंत हातानं धरून ठेवायला हवा होता. जबड्याच्या अगदी वर.

हे त्याला कळलं होतं. मला कळलंय हेही त्याला कळलं. एका हातानं हातब्रेकचं चाक धरून तो माझ्या खिडकीखाली वाकला आणि मला दिसेनासा झाला.

"आत!"

आमच्या यार्डात ती आरोळी कित्येक वर्षांत कुणी दिली नव्हती. सजग जोड आल्यावर तिचं कामच उरलं नव्हतं. संपतच्या गळ्यातून मी ती पहिल्यांदा ऐकली, आणि अबोला धरल्यापासून त्यानं मला उद्देशून उच्चारलेला तो पहिला शब्द होता.

पडद्यावरची अक्षरं गेली. मार्ग मोकळा. यंत्राच्या लेखी मधे कुणीच नव्हतं.

आता यंत्र सांभाळणार नव्हतं. सगळं माझ्या मनगटात होतं. मी वेग कणाकणानं उतरवला. कोमट दूध तान्ह्या बाळाच्या ओठाला लावताना आई कशी वाकते, तशी मी त्या दांड्यावर वाकले होते. दोन हात. एक हात. वीतभर. खालून लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज आला, मग खिळा पडल्याचा. हिरवा दिवा लागला.

"लागला!" तौसिफ ओरडला. "ताई, ब्रेक! सांधा दिसतोय!"

मी ब्रेकचा दांडा धरला आणि ओढला नाही.

ब्रेक लावला की सहा डब्यांचा भार पुढे येऊन जोडावर बसणार. तिथं त्याचा हात असेल तर? दिवा म्हणत होता, कुणी नाही. दिव्याला काय ठाऊक? डोळ्यावर टॉवेल होता. मला खिडकीतून खाली काही दिसत नव्हतं. मला ऐकायचं होतं.

"ताई!"

"आरोळी आली नाही," मी म्हणाले.

"ताई, सांधा!"

वाळूचा पिवळा ढीग मलाही वळणापलीकडे दिसायला लागला होता. मी दात आवळले. आबांचा चेहरा डोळ्यांपुढे होता, त्यांची बाही होती. ज्या गळ्यातून 'आत' आलं त्याच गळ्यातून. मी वाट बघत राहिले. मी मेले असते तरी बघितली असती.

"मोकळा!"

स्वच्छ, खणखणीत. संपतचाच गळा.

मी ब्रेक ओढला. डबे येऊन आदळले, इंजिन किंचाळलं, चाकांखालून ठिणग्यांचा सडा पडला. तौसिफ पुढून ओरडत होता, मला शब्द कळत नव्हते. मग आवाज उतरत गेला, झटका बसला आणि सगळं थांबलं. इंजिनाच्या पुढच्या चाकांत आणि सांध्यात बैलगाडी उभी राहील एवढं अंतर उरलं होतं.

मी खाली उतरून मागे धावले. संपत पायफळीवर गुडघे टेकून बसला होता. त्याचा उजवा हात जबड्यात होता. दोन बोटं आत चिरडली होती, आणि तळहात लोखंडात पाचरीसारखा बसला होता. टॉवेल घसरून खाली लोंबत होता.

मी ओरडलेच. "तुम्ही मोकळा म्हणालात! खोटं बोललात! आरोळीत खोटं बोललात तुम्ही!"

"मग काय करू?" त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "नसतो बोललो तर तू ब्रेक लावला नसता. वाट बघत बसली असतीस. वळखतो मी तुला. आबाची पोरगी तू."

मला रडू आलं. तो खोटं बोलला ते माझ्या भरवशावर. मी त्याच्या शब्दावाचून हात हलवणार नाही याची त्याला इतकी खात्री होती, आणि मी मात्र आजवर समजत होते की आमच्यात विश्वासच उरला नाही.

तौसिफनं धावत जाऊन सगळ्या डब्यांचे हातब्रेक आवळले, चाकांखाली दगड लावले. एवढ्या वेळात संपत एकदाही कण्हला नाही. फक्त डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मग तौसिफ केबिनमध्ये चढला आणि त्यानं जबडा उघडायचं बटण दाबलं.

"ताई, नाकारतंय," तो वरून म्हणाला. "मधे जीव आहे म्हणतंय."

टॉवेल खाली आल्यामुळे काच उघडी पडली होती. यंत्र आपलं काम चोख करत होतं. जीव मधे होता म्हणून जबडा हलत नव्हता, आणि जबडा हलत नव्हता म्हणून जीव मधे होता.

मी टॉवेल उचलला. तो अजून ओला होता, आणि सगळा पाण्यानं नव्हे. मी जबड्याच्या वर वाकले.

"आत!" मी ओरडले.

"आत," संपत म्हणाला.

मी टॉवेल डोळ्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. "उघड!"

खिळा उचलला गेला. जबडा सैल झाला. संपत अस्सल शिवी हासडून मागे पडला आणि मी त्याला धरून रुळांच्या बाहेर ओढलं. त्याचा हात मी माझ्या रुमालात गच्च बांधला.

"मोकळी!" मी ओरडले.

तौसिफ खिडकीतून वाकून बघत होता. त्यानं बटणावरचा हात काढला होता, पण तो हलला नाही. दुसरा गळा अजून बोलला नव्हता. आरोळीच्या काळात तो रेल्वेतही नव्हता, पण आज त्याला ती रीत कळली होती.

"ओरडा ना," मी संपतला म्हणाले.

"तूच सांग त्याला."

"दुसऱ्याच्या वतीनं सांगत नाहीत. आणि तुमच्या शब्दावर आता माझा विश्वास नाही. थांबा, आधी मी बघते."

मी त्याचं मनगट धरलं. दंड चाचपला, खांदा, पाय, पावलं. दोन बोटं सोडली तर सगळा माणूस बाहेर होता. मी मान डोलावली.

"मोकळा!" तो ओरडला. दरीतून त्याचा आवाज परत आला.

मग त्यानं डोळे मिटले. त्याला शुद्ध राहावी म्हणून मी त्याचे गाल थोपटत राहिले. केबिनमधल्या रेडिओवर मिराशी बाई कुठूनतरी डॉक्टर निघाल्याचं सांगत होत्या. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"काल आमटीत मीठ कमी व्हतं," तो म्हणाला.

हे त्यानं मला सांगितलं.